डावं पान

माझा स्वभाव तापट. अमळनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा तर नाकावर माशी बसू देत नसे. आणि आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई जीवराम भाऊ नेमके असे, की त्यांच्यावर कितीही चिडा, ते काचेची भांडी विसळत गालातल्या गालात हसायचे.

साल सत्त्याऐंशी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं जर्नलमध्ये उजव्या पानावर प्रयोग लिहायची. डावं पान आकृतीसाठी. एकदा तपासायला बसलो, तर डाव्या पानांवर पेन्सिलीनं काहीबाही खरडलेलं. ‘आज घाई केली.’ ‘आज विचारायची लाज वाटली.’ चौकशी केली तेव्हा कळलं, हे जीवराम भाऊंचं खूळ.

प्रयोग संपला की भांडी त्यांच्याकडे धुवायला जात. तेलातलं आम्ल मोजताना द्रावण जेमतेम गुलाबी व्हावं लागतं. थेंब जास्त पडला की ते गडद होतं. भाऊ असा गडद चंबू उचलायचे आणि तो ज्याचा असेल त्याला हाक मारायचे. "आकडा बरोबर लिखा तू, पन बाटली खोटं बोलत नही. काय चुकनं?" पोरानं सांगितलं की पुढे, "कसाले?" खान्देशातलं हे ‘का’ ते लागोपाठ तीनदा विचारायचे. मिळालेली उत्तरं डाव्या पानावर लिहायची.

त्या वर्गात मेहरुन होती. तिचे वडील पिंजारी. कापसाच्या तुसानं त्यांची छाती धरली होती, कापूस पिंजायची धनुकली उचलवत नव्हती. मेहरुनला नोकरी हवी होती, आणि तीही परीक्षा संपल्या संपल्या. तिच्या डाव्या पानावर होतं, ‘थेंब जास्त पडला. का? लक्ष चंबूवर नव्हतं. का? शेजारणीच्या आकड्यावर होतं. का? माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही.’

मी ते वाचलं आणि भडकलो. हे जर्नल की रडगाणं? बाहेरचा परीक्षक येणार, त्याच्यापुढे आमची लक्तरं कशाला टांगायची? "सगळं खोडा!" मी ओरडलो. वाटलं होतं, भाऊ वाद घालतील. त्यांनी उलट स्वतःच खोडरबर वाटले. "खोडा पोरेहो," म्हणाले, "जे लिखानं व्हतं ते लिखाई गयं."

निकाल लागला. गावातल्या एका तेलाच्या कारखान्याला प्रयोगशाळेत माणूस हवा होता. आमच्याकडचे पाचजण मुलाखतीला गेले, पाचही पहिल्या वर्गातले. तिथल्या केमिस्टनं पाचांची जर्नलं चाळली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "तुमचं कधी काय चुकलं?" चौघं म्हणाले, काही नाही. जर्नलमध्ये तरी कुठे काय होतं? ते मीच पुसायला लावलं होतं.

मेहरुननं मात्र खोडलेलं पान जसंच्या तसं सांगितलं, तिन्ही ‘का’सकट. केमिस्टनं विचारलं, "मग आता माझा आकडा तुझ्या आकड्याशी जुळला नाही तर?"

"पुन्हा करून बघेन, साहेब. तरीही तोच आला, तर माझाच लिहीन."

नोकरी तिला मिळाली. पेढे घेऊन ती प्रयोगशाळेत आली आणि माझ्या टेबलावरून सरळ पुढे मोरीपाशी भाऊंकडे गेली. "चाचा, पहिला तुम्हाला." सारी हकिकत तिनं त्यांना सांगितली आणि मी ती बसल्या जागी ऐकली. मी थक्क झालो. पाच वर्षं मी पोरांना आकडे शिकवले. या माणसानं धुवायला आलेल्या भांड्यांतून एकेका पोराला त्याची त्यालाच ओळख करून दिली होती, आणि हे सगळं माझ्यापासून दहा पावलांवर चाललेलं होतं.

ती गेल्यावर मी भाऊंजवळ गेलो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"सर, तुमनं डावं पान अजून कोरं शे."

मी माझी वही उघडून स्टुलावर बसलो. लिहिलं, ‘मुलांची पानं खोडायला लावली.’

"कसाले?"

‘परीक्षकापुढे लाज वाटली.’

"कसाले?"

‘ही पद्धत माझी नव्हती.’

"कसाले?" नळ बंद करून ते थांबले.

मी वरच्या तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग लिहिलं, ‘कारण शिकवणारा शिपाई होता.’