निळ्या शाईची वाट

बोटभर लांबीची एक रेघ मी चुकीच्या शाईनं काढली. चुकून नाही काढली. हे दुसरं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता चाळिशी उलटली, लिहून टाकतो.

राज्य बदललं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. राजधानी नागपूरची मुंबईला गेली, कचेरीतले फॉर्म बदलले, मी मात्र होतो तोच सर्व्हेअर. नेरच्या बाजूला एक जुनं मोठं तळं आहे. त्याच्या पूर्वेच्या काठाला उतार असा नाहीच, सरळ दरड आहे, पांढऱ्या मातीची, तीन-चार पुरुष उंच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तळं भरलं की लाटा दरडीच्या पायथ्याला लागायच्या, खालची माती खाऊन टाकायच्या आणि मग वरचा मातीचा कडा एकदम खाली यायचा. असं होत होत दरड सरकारी बंगल्याच्या कुंपणापर्यंत आली. तेव्हा कुठं वरच्यांना जाग आली. हुकूम असा होता, की दरडीची धूप थांबवावी आणि त्याबरोबरच लोकांना तळ्यावर उतरण्याची सार्वजनिक सोय करावी. मोजणीला मला पाठवलं.

बंगल्यापासून अर्ध्या मैलावर, त्याच दरडीच्या माथ्यावर तांडा होता. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूखभर फिरणाऱ्यांचे हे वंशज. आता घरं करून शेती करत होते. त्यांची विहीर चैत्रात आटायची. मग सगळा तांडा तळ्यावर. दरडीत एक तिरपी खाच होती, बायकांच्या पायांनीच पडलेली, एका वेळी एक माणूस जाईल एवढी. पितळी गुंड डोक्यावर घेऊन बाया तिच्यातून वर यायच्या, एक हात गुंडाला आणि दुसरा दरडीला. पावसाळ्यात त्याच खाचेतून वरचं पाणीही वाहायचं. हे महत्त्वाचं आहे. माझं सगळं पाप याच एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला बसलं होतं.

मी दरडीच्या माथ्यावर तिपाई मांडली, तिच्यावर फळी, फळीवर कागद. पहिल्याच दिवशी एक म्हातारी येऊन शेजारी बसली. तांड्यातले लहानथोर तिला याडी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. हातात शिवण, नजर माझ्या कागदावर.

"हे निळं काय होय?"

"पाणी. तळं, नाला, ओघळ, जे पाण्याचं ते निळं."

"अन् हे ठिपके ठिपके?"

"पायवाट. ती काळी असते."

"मंग आमची वाट काळी काढजो बरं, नकाशेवाल्या. गोरी नको काढू," म्हणाली, आणि स्वतःच हसली. त्या दिवशी मी खाच पेन्सिलीनंच आखली होती. शाई नंतर, कचेरीत.

तांड्याच्या नाईकालाही मी विचारलं. तांड्याचा प्रमुख तो, मोठा मिशाळ माणूस. म्हणालो, "नाईक, इथं दरडीला दगड बांधणार आहोत. तुमची हरकत?"

"दगड बांधता? बांधा नं! काहीच हरकत नाई," तो खुशीत म्हणाला. आमच्याकडे तळ्याला दगड बांधणं म्हणजे घाट बांधणं, पायऱ्या. तो पायऱ्याच समजला. मला त्याच क्षणी कळलं तो काय समजला ते. मी वहीत लिहिलं: तांड्याच्या नाईकांची हरकत नाही.

कचेरीत साहेब कागदावर वाकले. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते. दगडाचं काम पावसाच्या आत सुरू व्हायला हवं होतं. आणि नियम असा, की चालू वाट बंद करायची तर आधी तिथंच दुसरा उतार बांधून द्यायचा. म्हणजे नवी मोजणी, नवा अंदाज, नवी मंजुरी. साहेबांनी पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही वाट आहे की ओघळ?"

मी म्हणालो, "पावसाळ्यात पाणी वाहतं, साहेब."

"मग ओघळच की."

मी खोटं बोललो नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसलो होतो. साहेबांनी विचारलं काय आणि मी उत्तर दिलं काय! खरं कारण सांगतो. माझं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. रजा मंजूर होती, पण नकाशा पुरा झाल्यावर. नवी मोजणी निघाली असती तर मांडवातून दरडीवर जावं लागलं असतं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. वडील म्हणायचे, कागदावर नाही ते जगात नाही. मी निळ्या शाईची दौत उघडली. काम पाच मिनिटांचं होतं. खाली कोपऱ्यात सही केली आणि वऱ्हाडाच्या तयारीला लागलो.

ओघळ म्हटला की त्याच्यावरचा उपाय ठरलेला. दगडानं बुजवा, वर घायपात लावा.

एवढी घाई करूनही काम सुरू झालं ते हिवाळ्यातच, आणि देखरेखीला मीच. पायथ्याला दगडाचा थर बसत होता. त्याला आमच्या कागदात दगडी अस्तर म्हणायचे. याडीनं ते ऐकलं.

"अस्तर तं आतून लावतेत. तुमी भायरून काहून लावून राह्यले?"

"पाण्याकडून लावतात, याडी."

"म्हंजे कपडा उलटाच घातला म्हना."

माणसं हसली. मीही हसलो. मग एक दिवस गडी खाचेत दगड टाकू लागले आणि हसणं थांबलं. नाईक धावत आला. "साहेब, पायऱ्या कुठं? हे तं बुजवूनच राह्यले!"

"उतार बंगल्यापाशी होतोय, नाईक. चांगला दगडी. सगळ्यांसाठी. सार्वजनिक."

"सार्वजनिक म्हंजे कोन? आमी त्याच्यात येतो का नाई?"

मी म्हणालो येता. येतच होते, कागदावर. पण बंगल्यापर्यंत अर्धा मैल, आणि डोक्यावर पाणी घेऊन तेवढाच परत. त्यात कुणी अधिकारी मुक्कामाला असले की चौकीदार फाटक लावून घ्यायचा. बुजवलेल्या खाचेपाशी मी स्वतः पाटी रोवली: धूप प्रतिबंधक क्षेत्र, उतरण्यास मनाई. नाईकानं अक्षरं लावून लावून वाचली.

"धूप बंद? साहेब, आता ऊनही बंद करता का?"

आमच्या भागात धूप म्हणजे ऊन. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी बायांनी आपली नवी जागा शोधली. दगडी अस्तर संपतं तिथून पुढं, जिथं आम्ही काहीच केलं नव्हतं. लाटांना आमच्या दगडावर जोर करता येईना, म्हणून त्या शेजारच्या मातीवर दुप्पट लागत होत्या. खालून दरड पोकळ झाली होती. वरून दिसत नाही ते. एका सकाळी याडीची सून भरला गुंड घेऊन वर येत होती आणि काठ तिच्यासकट खाली गेला. ती वाचली. मांडीचं हाड मोडलं. तांड्यात हाड बसवणारा होता, त्यानं त्याच्या परीनं बसवलं. पाय आखूड झाला आणि गुडघ्यात वाकेनासा.

चौकशीचा अहवाल मीच लिहिला. दुसरं कोण लिहिणार? त्यातलं वाक्य मला पाठ आहे: सदर स्त्री अनधिकृत ठिकाणाहून उतरली असल्याने अपघात घडला. याडी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दुःखामुळे.

त्यानंतर मी गप्प बसलो असं नाही. गप्प बसलो असतो तर निदान सरळ तरी झालं असतं. मी टिपणं लिहिली. तांड्याजवळ उतार असणे इष्ट आहे, असं पहिलं. परत आलं, शेरा: मूळ नकाशात सदर ठिकाणी पायवाट दर्शविलेली नाही, तरी मागणीचा आधार कळवावा. दुसरं लिहिलं, जरा लांब, भाषा जरा कडक. तोच शेरा. तोवर महाराष्ट्र झाला, साहेब बदलले, फायलीवर नवं वेष्टण चढलं. तिसरं लिहिलं. नव्या साहेबांनी मला बोलावून मूळ नकाशाच पुढ्यात टाकला. "अहो, तुमचीच सही आहे. तुम्हीच ओघळ दाखवलाय. आता वाट कुठून आणता?"

मी चिडायचो. घरी येऊन बायकोसमोर कचेरीला शिव्या घालायचो, की बघ कसे आंधळे लोक आहेत, एक उतार देववत नाही. ती बिचारी माझी बाजू घ्यायची. एक ओळ पुरली असती: ती वाट होती, मी ओघळ काढला. ती सोडून बाकी सगळं मी लिहिलं.

मग उमरखेडला बदली झाली. तिथं काही वर्षं काढली आणि पुन्हा याच भागात आलो, तेव्हा एका दुपारी न राहवून तांड्यावर गेलो. याडी दारात शिवत बसली होती, डोळे बारीक करून. ओळखलं तिनं.

"बस, नकाशेवाल्या."

मी बसलो. कसं सुरू करावं कळेना. "याडी, ती वाट... ती मीच..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"निळी काढली तू. वाट काळी रायते, ठिपके ठिपके. तूनंच सांगतलं होतं." दोरा दातानं तोडत ती म्हणाली, "काम सुरू झालं तवा पंचायतीत टांगला होता नं तो कागद. म्या गेलती पाह्याले. मले वाचता नाई येत, पन निळं दिसते."

म्हणजे खाचेत दगड पडायच्या आधीपासून तिला माहीत होतं. अस्तराचा तो विनोदही तिनं माहीत असूनच केला होता.

"मग बोलली काहून नाहीस?" माझ्या तोंडून तिचीच भाषा आली.

"कोनाले बोलू? ज्यानं काढलं त्याले? त्याले तं माहीतच होतं."

सून चहा घेऊन आली. एक पाय ओढत, खांबाला धरत. कप ठेवला आणि उभीच राहिली. तिला खाली बसता येत नसे.

"आता कायले सांगाले आले?" तिनं विचारलं. "मन हलकं कराले? मंग आमच्याजवळ कायले हलकं करता, भाऊ. कचेरीत जाऊन करा."

याडी तिला गप्प करील असं मला वाटलं. तिनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती एक ओळ लिहिली. खाली सही. साहेब आधी हसले, मग लाल झाले. "इतक्या वर्षांनी? तुम्हाला कळतं का तुम्ही काय लिहून देताय?" मला कळत होतं. खुलासा मागवला गेला, सेवापुस्तकात ताशेरा आला, कचेरीत दोन-तीन जणांनी बोलणं सोडलं. वडील तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "लग्नासाठी केलंस होय," आणि पेपर पुढं ओढला.

पण कागद हलला, कारण आता त्याला आधार होता. जुनी खाच उकरली, दरडीला दोन्ही बाजूंनी भिंत घातली आणि मधून पायऱ्या आल्या. मी पाहायला गेलो तेव्हा बाया भरलेले गुंड घेऊन सरसर वर येत होत्या. नाईक थकला होता, तरी काठी टेकत आला आणि म्हणाला, "पाह्य, आता आलो आमी सार्वजनिकमंधी."

सून माथ्यावर उभी होती. मी म्हणालो, "तुम्ही नाही उतरलात?"

"उतरून पाह्यलं. पायरी उंच होते. माहा पाय तेवढा उचलत नाई." तक्रारीचा सूर नव्हता. "बाकी सगळ्याइच्या कामी आल्या. मी जातो बंगल्याकडून. तिकडचा उतार सपाट आहे."

पायऱ्या नियमाच्या मापाच्या होत्या. धडधाकट माणसाच्या. मीच आखल्या होत्या, आणि आखताना सगळ्या तांड्याचा विचार केला होता, तिचा सोडून.

खिशात टेप होता. म्हणालो, "पाय उचला पाहू. उचलेल तेवढाच."

"आता माहाही नकाशा काढता का?"

पण तिनं उचलला. मी वाकून माप घेतलं आणि तिथंच, काळ्या शाईनं, वहीत लिहिलं. प्रत्येक पायरीला एका कडेनं अर्धी पायरी घालावी, असा प्रस्ताव त्याच आठवड्यात पाठवला. तो अजून फिरतो आहे. मागच्या महिन्यात परत आला, शेऱ्यासह: सदर माप कोणत्या नियमान्वये घेतले आहे, याचा खुलासा करावा.

खुलासा मी त्याच दिवशी लिहून दिला. माप नियमाचे नाही. अमुक साली मी केलेल्या नकाशामुळे ज्या बाईचा पाय गेला, तिचे आहे.