रिक्षातली मधली जागा

माणसं वाहन का बदलतात हे मला कुणी शिकवू नये, असं मी घरात छातीठोकपणे सांगत असे. बस वेळेवर येत नाही, रिक्षा परवडत नाही, नाहीतर गुडघे कुरकुरतात. चौथं कारण नसतं. त्यामुळे मुलगी विरार स्टेशनजवळच्या लॅबमधून चंदनसारला घरी येताना शेअर रिक्षा सोडून चालत यायला लागली, तेव्हा मला ते निव्वळ नखरे वाटले.

"रिक्षात नको वाटतं, बाबा," एवढंच ती म्हणाली.

"नको वाटायला काय झालं? थोडं ॲडजस्ट करायचं."

साडेसहाला घरी येणारी पोरगी सव्वासातला येऊ लागली आणि माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार फिरू लागले. कुणीतरी भेटत असणार. शेवटी मी बजावलं, "महिनाअखेर नोकरी सोड." तिची ती पहिली नोकरी. लॅबचा पांढरा कोट ती घरी आणून स्वतः इस्त्री करायची. हे दिसत असूनही मी बोललो, कारण मला राग आला की दिसतं ते दिसेनासं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला न सांगता मी स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडसमोर जाऊन उभा राहिलो. ती आली, एकटीच. पहिल्या रिक्षात मागे दोन पुरुषांच्या मधे जागा होती. चालक ओरडला, "चला मॅडम, एक सीट!" तिने मान हलवली. दुसऱ्या रिक्षातही तसंच. मग ओढणी सावरून ती चालू लागली.

माझ्या गुडघ्यांना तिचा वेग झेपणार नव्हता. समोर आलेल्या रिक्षात शिरलो. उजवीकडे एक तरुण, डावीकडे कडेला तिशीतली एक बाई, मधे मी. रस्ता तुंबला होता. फुटपाथ डावीकडे, म्हणून मी त्या बाईवरून वाकून वाकून बाहेर बघत होतो. कोपर कुठे आहे, गुडघा कुठे आहे, भान नव्हतं. मुलगी दिसेना.

बाईने पर्स आमच्या दोघांच्या मधे ठेवली. "काका, जरा सरकून बसा."

"गर्दी आहे हो ताई. ॲडजस्ट करा."

बोलून गेलो आणि पुन्हा बाहेर वाकलो. दोनच मिनिटांत तिने रिक्षा थांबवली. "चंदनसार अजून लांब आहे," चालक म्हणाला. "चालत जाते," म्हणून ती उतरली.

तेवढ्यात पुढे औषधाच्या दुकानाच्या उजेडात मला मुलगी दिसली. मीही घाईने उतरलो आणि तिच्या रोखाने चालू लागलो. मधे ती बाई चालत होती. तिने मागे वळून पाहिलं आणि पावलं उचलली. मुलगी गर्दीत हरवेल म्हणून मीही उचलली. बाईने पुन्हा पाहिलं. या वेळी तिच्या चेहऱ्यावरची भीती मला स्पष्ट दिसली. मी थांबायला हवं होतं. मी हात वर करून "अहो, ऐका" म्हणालो, आणि ती पळत सुटली.

पळत जाऊन तिने माझ्याच मुलीचा दंड धरला. "माझ्याबरोबर चल ना गं. तो माणूस रिक्षातून माझ्यामागे उतरलाय."

मुलीने तिला आधी आपल्या पलीकडे घेतलं, स्वतःची पर्स छातीशी धरली आणि मगच वळून पाहिलं. मला ओळखल्यावरही ती बाईच्या पुढून लगेच हलली नाही. तेवढ्या वेळात मी पार मेलो.

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

बाईने तिचा दंड सोडला आणि रस्ता ओलांडून निघून गेली. माफी मागायचंही मला सुचलं नाही.

आम्ही दोघं घरापर्यंत चालत आलो. माझ्यासाठी ती सावकाश चालत होती.

जेवताना तिनेच विषय काढला. "लॅबमध्ये उद्या सांगू का, बाबा? नोकरी सोडते म्हणून?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"नको," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं."

"काय बरोबर होतं?" बायकोने विचारलं. मुलगी ताटात बघत राहिली. सांगायचं मलाच होतं.