नी, दू आणि तू

शांते, मी निघालो तेव्हा वसमतच्या स्टेशनावर तू माझ्या ट्रंकेवर बसून पाय हलवत होतीस. बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. "परक्या मुलखात कुत्र्यालाबी 'तुमी' म्हनावं. आपलं काय जातंय?" बाबा कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहायचे. कुणाला किती मान द्यायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मुंबईच्या काडेपेटी कारखान्यातर्फे मी स्वीडनला यंत्रं शिकायला चाललो होतो. दोन वर्षांत परतायचं होतं. मग लढाई पेटली आणि मी इथेच अडकलो; ती संपली तरी इथल्याच कारखान्यात राहिलो.

इथे एका पोस्टमास्तरांच्या विधवेकडे खोली मिळाली. त्यांच्या भाषेत 'तुम्ही'ला 'नी' म्हणतात, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. पहिल्या सकाळी कॉफी घेताना मी बाईंना अगदी अदबीने 'नी' म्हणालो. संध्याकाळी त्यांनी दुसरी खोली शोधायला सांगितलं. बाहेर बर्फ, आणि गावात ओळखीचं कुणी नाही.

कारखान्यातल्या सोबत्याने उलगडा केला. इथे 'नी' मोलकरणीला म्हणतात, ज्याला काही पदवी नाही त्याला म्हणतात. पोस्टमास्तरांच्या बायकोला पोस्टमास्तरीणच म्हणायचं, तेही ती समोर नसल्यासारखं. ऐकून हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. बाबांनी अर्जात तहसीलदाराला कधी 'तुम्ही' लिहिलं होतं? 'हुजुरांनी मेहेरबानी करावी' असंच लिहायचे. कचेरीच्या पायरीवर वाढलेला मी, अक्कल मात्र घरी ठेवून आलो होतो. परत जाऊन म्हणालो, "पोस्टमास्तरीण मला माफ करतील का?" खोली राहिली.

पुढे आठ-नऊ वर्षं आम्ही असंच बोललो. गेल्या महिन्यात बाईंनी कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "माझं नाव एल्सा. आता मला 'दू' म्हण." 'दू' म्हणजे तू. हे थोरल्यानेच म्हणायचं असतं, धाकट्याने मागायचं नसतं. जीभ अडखळली, पण म्हणालो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. राज्य बदललं, कचेरीत आता मराठी अर्जही चालतील असं लोक बोलतात, आणि बाबा म्हणून राहिलेत, "या वयात आता पुन्ना बाराखडी." वाचून मी एकटाच हसलो. पण तुझ्या त्या सुरेख अक्षरात पहिल्या ओळीपासून 'आपण कुशल असाल', 'आपली प्रकृती'. माझ्या खांद्यावर बसून केस ओढत 'दादा, तू हळू चाल' म्हणणारी पोरगी मला हुजूर करून बसली. शाळेत शिकवलं असेल, नाहीतर मीच तेवढा लांब गेलो असेन. वाईट वाटलं.

एल्साबाईंचा रिवाज मला पटला आहे. आपल्या दोघांत थोरला मी, म्हणजे म्हणायचंही मीच. शांते, मला 'तू' म्हण. तुझ्या उत्तरात पुन्हा 'आपण' आलं, तर मी समजेन की वसमतला आता मी पाहुणा.