तेरा नंबरची वैशाली

समीरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले होते. "वैशाली गेली," एवढंच तो म्हणाला. त्याला आता सहा आठवडे झाले.

वैशाली नागपूरची, कॉलेजात खो-खो गाजवलेली. नवऱ्याच्या, म्हणजे समीरच्या नोकरीमुळे ती अमेरिकेत मॉरिसव्हिलला आली ती डिपेंडंट व्हिसावर, त्यामुळे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. मी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. पहिली दोन वर्षं ती घर आवरायची आणि आवरलेलं घर पुन्हा आवरायची. बघून वाटायचं, ही बाई रोज थोडी थोडी पुसली जातेय. मग एका रविवारी पार्कमध्ये आम्हाला काही बायका एक वेगळाच फुटबॉल खेळताना दिसल्या. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा नाहीतर पायाने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. आयरिश लोकांचा गेलिक फुटबॉल. वैशाली तासभर कुंपणाला धरून उभी राहिली. शेवटी त्यांची कोच मोरा हिने तिला आत बोलावलं. चपला काढून ती कुर्त्यातच उतरली आणि खो-खोतली हुलकावणी देत तिघींना चुकवून गेली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

पुढची अकरा वर्षं ती त्या टीमची फॉरवर्ड होती, तेरा नंबरचा टी-शर्ट घालून. या खेळात चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला की एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन. वैशाली सावध. हमखास मिळणारा एक पॉइंट ती कधी सोडायची नाही. मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वर्ष वाया गेलं, तरी परतली. चाळिशीत हाफ पँट घालून कसलं खेळणं, असं सासूबाई फोनवर म्हणायच्या. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि प्रॅक्टिसला जायची.

शेवटच्या वर्षी टीम फायनलला पोचली. एका पॉइंटने मागे, शेवटचं मिनिट, चेंडू वैशालीच्या हातात. दांडीवरून मारला असता तर बरोबरी होती. तिने खाली, जाळ्याकडे मारला. खांबाला लागून चेंडू बाहेर गेला आणि टीम हरली. त्यानंतर दोन महिन्यांत तिचा कॅन्सर कळला.

हॉस्पिटलमध्ये एका दुपारी मी न राहवून विचारलं, "त्या दिवशी पॉइंट का नाही घेतलास गं?"

ती खिडकीकडे बघत होती. "खूप वर्षं सांभाळून खेळले. त्या दिवशी मारावासा वाटला." मग म्हणाली, "हुकला, त्याचं वाईट वाटतं अजून..."

गेल्या मंगळवारी समीरला डबा द्यायला गेले तर घर बंद. फोन केला तर म्हणाला, मैदानावर आहे. हा माणूस इतक्या वर्षांत कधी प्रॅक्टिसला फिरकला नव्हता. जाऊन पाहिलं तर तो गोलच्या मागे उभा होता. मोराने सांगितलं, दर मंगळवारी येतो. दांडीवरून गेलेले चेंडू उंच गवतातून शोधतो आणि परत फेकतो. संध्याकाळ झाली, सगळ्याजणी बॅगा भरून निघाल्या. मी डबा घेऊन थांबले. एक चेंडू अजून सापडायचा होता, आणि समीर गवतात वाकून तो शोधत होता.