केरबाने बुद्धाची साक्ष तपासली

लातूर जिल्हा झाला, त्या साली गावात पाऊस झाला नाही. गाव अहमदपूरच्या पल्याड, नांदेडच्या हद्दीला लागून. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं. जमीनवाले आणि बिनजमीनवाले एकाच खड्ड्यात उतरले. अण्णाराव पाटलाची वीस एकर कोरडी पडली होती. तोही टिकाव घेऊन आला. त्याच्या शेजारी केरबा खणत होता.

केरबा साठीचा. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिवेची साक्ष होती. दोन गावांत हद्दीचं भांडण लागलं की त्याच्या बापाला बोलावणं यायचं. बाप शीव चालून दाखवायचा. तो थांबेल तिथे दगड बसायचा. एकदा त्याने आपल्याच गावाविरुद्ध साक्ष दिली. दगड खरंच सरकवलेला होता. गावाने वर्षभर त्याचं बलुतं बंद केलं. घरच्यांनी रानातल्या तरोट्याच्या पाल्यावर दिवस काढले. बाप एवढंच म्हणाला, "शीव माझ्या पोटाला इचारून सरकत न्हाई."

छप्पन सालानंतर घराणं बौद्ध झालं. मेलेली ढोरं ओढणं सुटलं, गावोगाव मयताची वर्दी देणं सुटलं. शीव बघायची नजर तेवढी केरबाकडे राहिली.

एका दुपारी सगळ्यांनी भाकरी सोडल्या. अण्णाराव म्हणाला, "कालपर्यंत उस्मानाबाद, आता लातूर. पर लातूर कागदावर तरी आलं. तुमचा बुद्ध कुठल्या कागदावर हाय, केरबा? कुणी बघितला? कहाणी हाय निस्ती!"

लोक हसले. केरबाने घास गिळला.

"बघतो," तो म्हणाला.

"काय बघतो?"

"शीव बघतात तसं. व्हता का न्हवता. न्हवता निघाला तर घरातला फोटू माझ्या हातानं उतरवीन. हितंच येऊन सांगीन."

हसू थांबलं. केरबाच्या बायकोने, सरजाबाईने, घमेलं खाली आदळलं. "आवं, भान हाय का? बाबासाहेबांनी दिलेलं तुम्ही पणाला लावून राहिले?"

"त्यांनीच शिकिवलं, पारखून घ्या म्हणून."

"मंग पारखा. माझ्याशी बोलू नका."

ती खरंच बोलेनाशी झाली. ताट ठेवायची ते आपटून.

केरबाची मुलगी पंचशीला अहमदपूरला शाळेत शिकवायची. दर शनिवारी ती वाचनालयातून पुस्तकं आणू लागली. केरबाला वाचता येत नव्हतं. ती वाचायची, तो उकिडवा बसून ऐकायचा. तिने बुद्धाच्या आईला पडलेल्या पांढऱ्या हत्तीच्या स्वप्नापासून सुरुवात केली. जन्मताच सात पावलं चाललेल्या बाळावर आली, तसा केरबाने हात वर केला.

"हे आपल्या गावचं बोलणं, आपल्याच माणसांनी केलेलं कौतिक. बाजूला ठेव. आपल्या गावची साक्ष शेवटाला घ्यायची."

मग तिने खांबाचं वाचलं. नेपाळच्या तराईत सम्राट अशोकाचा दगडी खांब आहे. त्यावर कोरलंय, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले. म्हणून राजाने त्या गावाचा कर माफ केला आणि पिकातला आपला हिस्सा आठव्या भागावर आणला.

केरबा ताठ झाला. "राजानं सारा सोडला? उगं कोण सोडतंय? आन् खांब कवाचा?"

"बुद्धांच्या मागून दीड-दोनशे वर्षांनी, बा. विद्वानांचं एकमत नाही."

"म्हंजी राजानं बघितलं न्हाई. ऐकलं."

"ऐकलं."

त्यानंतरचे दोन आठवडे केरबाचा टिकाव जमिनीत रुतेना. घरात शिरताना तो फोटोकडे बघायचा टाळू लागला. सरजाबाईला ते दिसलं. ती तरीही बोलली नाही.

तिसऱ्या शनिवारी पंचशीला वाचता वाचता अडखळली. तिने पान उलटलं.

"मधलं गेलं," केरबा म्हणाला.

"ते नको, बा. बरं वाटत न्हाई."

"वाच."

तिने मान खाली घालून वाचलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा बुद्ध. लोहाराच्या घरी जेवला. रक्ताची हगवण लागली. रस्त्यात बसला, शिष्याला म्हणाला, थकलोय, पाणी आण.

केरबा उठून उभाच राहिला. "आन् हे तू वगळून राहिली व्हतीस? आगं येडे, हीच तर साक्ष!"

सोमवारी दुपारी तो तलावाच्या भरावावर चढला. खाली दीडशे माणसं.

"सात पावलं चालला का, मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "हत्तीचंबी ठाव न्हाई. त्यो शेंदूर हाय. पर शेंदूर लागला म्हणून खाली दगड न्हाई, असं हुईत न्हाई."

मग त्याने खांब सांगितला, माफ झालेला कर सांगितला. मधली दोनशे वर्षंही लपवली नाहीत.

"मंग ऐकीवच की!" अण्णाराव म्हणाला.

"हाव. एकट्या खांबावर मी दगड बसवला नसता. पर पाटील, मनानं देव रचायचा आसंल तर त्याला हगवण कोण लावंल? घरच्या लोकांनी लपवावं असं, त्यांनीच जपून ठिवलं. ज्यात आपला फायदा न्हाई, ती साक्ष भारी."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णाराव हसला नाही. "आन् त्याच्या इरोधातले काय म्हणले?"

"लई पंथ भांडले त्याच्यासंगं. पोरीनं धुंडलं. चुकीचं सांगतो म्हणले. व्हताच न्हाई, असं म्हणलेला एकबी तिला घावला न्हाई. बघणारा कुणी उरला न्हाई, तवा शपथ घेत न्हाई. पर माझा बा आसता, तर त्यो हितंच थांबला आसता."

अण्णारावने टिकाव खाली ठेवला.

"बांधासाठी मी सख्ख्या भावाशी भांडलोय," तो म्हणाला. "पर ह्यो दगड मी हलवीत न्हाई. माणूस व्हता."

पलीकडून सरजाबाईचा आवाज आला, तीन आठवड्यांनी पहिला. "आवं, ऐकलं का पाटील काय म्हणले?"

"मी ऐकलंय. तुलाच फिरून ऐकायचंय."

"हाव, ऐकायचंय! म्हणा की पाटील, आजून एकदा!"

अण्णारावने टोपी काढली, घाम पुसला आणि साऱ्या खड्ड्याला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "व्हता!"