काका म्हणणार नाही!

गाडीवर धूळ बसते तसे किस्सेही बसतात. धूळ मी दर रविवारी धुतो. किस्से राहून गेले.

गाडी म्हणजे व्हॅन. लंडनजवळच्या स्लाऊहून माल पोचवायचो, तीच. रिटायर झाल्यावर लुका नावाच्या इटालियन गायकाला गावोगावी नेऊ लागलो. गाणी तोच लिहितो, चालीही तोच लावतो. त्याची मॅनेजर पुण्याची, स्नेहल.

*

पहिल्याच दिवशी स्नेहल म्हणाली, "लुका, हे आमचे काका."

लुका दचकला. "छे! यांना असं कसं म्हणू?"

त्यांच्याकडे इटलीत लहान पोरांना शी लागली की ती 'काका' म्हणतात!

मी म्हणालो, "शाळा फार झाली नाही माझी. पण हा मान कमावलेला आहे. माझ्या व्हॅनमध्ये काकाच."

तो 'सर' म्हणू लागला. मी ओ देत नसे.

*

उतरताना मात्र रोज ओरडायचा, "चाव!"

शेवटी मी विचारलं, "कुणाला?"

स्नेहल हसत हसत फुटपाथवरच बसली. "अहो काका, तो बाय म्हणतोय!"

*

हॅरोच्या एका पबमध्ये ऐकायला आम्ही दोघं आणि कोपऱ्यात एक म्हातारा. लुका सगळी गाणी गायला. म्हाताऱ्याने जोरात टाळ्या वाजवल्या. लुका खूश!

म्हातारा म्हणाला, "झालं ना? आता फुटबॉल लावा."

*

लुकाच्या आईची गावी बेकरी. तिने एकच संधी दिली होती. मँचेस्टरला येऊन ऐकेन. पटलं नाही, तर गिटार ठेवायची आणि पीठ मळायचं.

तो व्हॅनमध्ये तयारी करायचा. मी म्हटलं, "सगळी गाणी सोडून गेलेल्या पोरींची. आईपुढे हे गाणार?"

"मग काय गाऊ, सर?"

मी ओ दिली नाही. सिग्नल सुटल्यावर म्हणालो, "जिने सोडलं नाही, तिच्यावर लिही."

*

मँचेस्टर. हॉलमध्ये निम्मे इटालियन. आई पहिल्या रांगेत, कोटसुद्धा न काढता बसलेली. लुकाने तिच्यावरचं गाणं काढलं आणि पहिल्याच ओळीला अडला. आवाज फुटेना.

मी मागून ओरडलो, "लुका, गा!"

तो गडबडीत माइकवर बोलून गेला, "हो, काका!"

निम्मा हॉल खो खो हसला. तोही हसला. आवाज मोकळा झाला. मग असा गायला, की आईने कोट काढला.

नंतर ती माझ्याकडे आली. हसायची सवय नसलेली बाई. माझ्यासारखीच. लुकाने तिचं बोलणं सांगितलं, "बेकरीत दुसरा माणूस ठेवते म्हणते."

तिने माझा हात धरला, मान झुकवली आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली,

"चाव, काका!"