मधुचंद्राच्या शिकारीची तालीम, टिपेश्वरात

साखरपुड्यानंतर मिहीरने मला विचारलं, "मधुचंद्राला कुठे जाऊ या?" मी म्हटलं, "जिथे समुद्र आहे आणि शिकार करता येते, तिथे." तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

मिहीर दातांचा डॉक्टर. यवतमाळात त्याचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांचे दात उपटतो, पण घरातली पाल मारायची वेळ आली की स्वयंपाकघराचं दार लावून घेतो. मी वकील, माहेर नेरजवळच्या एका खेड्यात, घरचं वावर, म्हणजे शेत. आमच्याकडे तूर फुलावर आली की रोही येतात. नीलगाईला आमच्या भागात रोही म्हणतात. एका कळपाने मनात आणलं तर तो रात्रीतून निम्मं वावर झोपवून टाकतो. म्हणून बाबा हंगामभर जागलीला जातात, म्हणजे वावरातल्या मचाणावर बसून पिकाची राखण करतात. लहानपणी मीही संध्याकाळी त्यांच्यासोबत बसायची. तुरीच्या वर काळे कान दिसले रे दिसले की आधी ओरडायचं, विचार मग करायचा. "हाऽऽट! हाऽऽट रेऽऽ! होऽऽऽ!" आणि सोबत डबा बडवायचा. सकाळी बाबांचा आवाज बसलेला असायचा.

पुढे कॉलेजात एनसीसीत माझा नेम चांगला निघाला. तेव्हापासून मनात होतं, एकदा, फक्त एकदा, या जातीचा हिशोब चुकता करायचा. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच, हे कोर्टात मीच सांगेन. पण मॉरिशसला खासगी रानांमध्ये हरणं पाळलेली असतात, परवाना घेऊन, मार्गदर्शक सोबत घेऊन रीतसर शिकार करता येते, असं मी शोधून काढलं. चार दिवस समुद्र, एक दिवस शिकार. मिहीर म्हणाला, "तुला हवंय ना, मग जाऊ." मी लगेच तिथल्या एका मार्गदर्शकाला मेल टाकला.

त्याचं उत्तर मोठं गोड होतं. त्याने लिहिलं, शिकार म्हणजे बहुतेक वेळ गप्प बसणं. तुमच्या जवळ एखादं जंगल असेल तर आधी तिथे जा, वारा कुठून वाहतो ते बघा, मातकट कपडे घाला, अत्तर लावू नका, आणि समोर जनावर आलं तरी तोंडातून आवाज निघणार नाही याचा सराव करा. मार्चअखेरपर्यंत एक दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतो, तोवर पक्कं कळवा.

जवळ एखादं जंगल! आमच्या जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे. लग्न झालं, पूजा झाली, पाहुणे गेले, आणि मार्चच्या एका शनिवारी आम्ही तालमीला निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. यवतमाळहून घाटंजीमार्गे पांढरकवड्याला जा. रस्ता मधूनमधून अरुंद आहे आणि कापसाच्या गाड्या पुढे असल्या की ओव्हरटेकची घाई करू नका, पण मार्चमध्ये हा रस्ता बघण्यासारखा असतो. पळस इतका फुललेला असतो की गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहत नाही. घाटंजीला तर्री-पोहे खाल्ले. मिहीरने तर्री वेगळी मागितली तेव्हा पोह्यांच्या गाडीवरचे काका म्हणाले, "वेगळी कायले पायजे? पोह्यावर नाई टाकली त मंग ते पोहे कायचे?" आणि त्यांनी ती वरून ओतली. नवरा निमूट खात राहिला, डोळ्यांत पाणी आणून.

पांढरकवड्याला लागूनच केळापूर. निघताना बाबांनी बजावलं होतं, नवीन जोडी त्या बाजूले जाऊन राह्यली त देवीची ओटी भरल्याबिगर येऊ नका. जगदंबेच्या देवळात गर्दी नव्हती. मी ओटी भरली, मिहीरने नारळ फोडला, तो दुसऱ्या फटक्यात फुटला. देवीपुढे हात जोडून मी शिकारीचा नेम चुकू देऊ नकोस, असंच मागितलं. त्याने काय मागितलं ते सांगितलं नाही.

मुक्काम सुन्ना गेटजवळच्या एका घरगुती ठिकाणी होता. खोली साधी, पंखा चांगला, आणि जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, कांदा आणि ठेचा. जंगलाचा प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांचे पैसे वेगवेगळे लागतात, बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा, आणि ओळखपत्र विसरू नका. पावसाळ्यात जंगल बंद असतं. मार्चमध्ये पहाटे गाडीवर स्वेटर लागतो आणि नऊ वाजता तोच स्वेटर नकोसा होतो.

रविवारी पहाटे गेटवर आमची गाईड भेटली, सुनंदा. जवळच्याच गावची, तिशीची, खाकी शर्टावर गळ्यात दुर्बीण. तिने आधीच सांगून टाकलं, "ताई, दिसलं त दिसलं, नाई दिसलं त मले रागावाचं नाई. अन् आत बोलाचं नाई."

"मी बोलणारच नाही," मी म्हटलं. "सरावालाच आले आहे."

मिहीर खोकल्यासारखं हसला.

आत शिरलो आणि माझं बोलणं तसंही बंद झालं. मी याच जिल्ह्यात जन्मले, इथलीच माती खात मोठी झाले, आणि माझ्या घरापासून काही तासांवर असं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सागाची पानगळ झालेली, उन्हाची तिरीप खोडांमधून थेट जमिनीपर्यंत आलेली, आणि मोहाच्या फुलांचा तो गोड, आंबूस वास. एका वळणावर चितळांचा कळप रस्त्यात उभा होता. आम्ही थांबलो, ती आमच्याकडे बघत राहिली, आणि त्यांच्या पाठीवरचे ठिपके उन्हात हलत होते. मी मनातल्या मनात नेम धरला. खांद्यामागे, थोडं खाली. मिहीरने माझ्याकडे बघितलं. मी बोट ट्रिगरवर असल्यासारखं वाकवलं होतं.

पुढे एका तळ्याजवळ सुनंदाने हात वर केला. जिप्सी थांबली. लांबून वानराचा खाकरल्यासारखा, धोक्याचा आवाज आला, मग पुन्हा. सुनंदाने ओठ न हलवता म्हटलं, "उजव्या हाताले. गवतात."

मला आधी नुसतं गवत दिसलं. मग त्यातला एक भाग गवत नाही हे कळलं. ती वाघीण होती. पोट जमिनीला टेकलेलं, खांद्याची हाडं कातड्याखाली वर आलेली, आणि कान सपाट. ती हलत नव्हती असं वाटायचं, आणि तरी दर वेळी बघितलं की ती थोडी पुढे असायची. मी आयुष्यात इतकं गप्प काही पाहिलेलं नाही. कोर्टात न्यायाधीशांनी निकाल वाचायच्या आधीची शांतताही याच्यापुढे गोंगाट वाटेल. मिहीरने माझा हात धरला होता, घट्ट, दुखेल इतका. देवा, किती मोठं हे, आणि मी किती लहान, एवढंच मनात येत होतं.

आणि तळ्याच्या पलीकडून, पाणी प्यायला, रोही आले.

पुढे एक मादी होती. ती झुडपाआड थांबली, आणि वाळलेल्या गवताच्या वर तिचे दोन कान तेवढे दिसले.

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, ते माझ्याकडून झालं. मी जिप्सीत उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "हाऽऽट! हाऽऽट रेऽऽ! होऽऽऽ!" आणि जिप्सीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवलं.

रोही उधळले. तळ्यावरचे बगळे उडाले, वानरं झाडाझाडांवरून पळाली. सुनंदाने मला दंडाला धरून खाली बसवलं. "ताई! हे तुमचं वावर नोहे!" ती दातओठ खाऊन म्हणाली. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला.

वाघीण उठली होती. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. जिप्सीकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता. कोण ओरडलं ते तिने नुसतं बघून घेतलं. मग ती सावकाश आमच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेली. तेव्हा तिच्या बरगड्या दिसल्या, आणि पोटाखाली लोंबणारे स्तन.

"पिल्लं हायेत तिले," सुनंदा म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "नाल्याच्या अंगाले. दोन दिवसांपासून फिरून राह्यली बिचारी, काई गावलं नाई."

मी सुनंदाची माफी मागितली, हात जोडून. तिने दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाली, "आमच्या घरीबी जागलीले असंच वरडतेत. पण इथं मी पोटावर हात ठेवून बसतो, आवाज तिथूनच येते." गेटवर नियमाप्रमाणे समज मिळाली, ती मी खाली मान घालून ऐकली. तुम्ही जाल तेव्हा आमच्याकडचे कोणी सोबत असतील, वावरात वाढलेले, तर त्यांना मधल्या सीटवर बसवा आणि एक हात धरून ठेवा. हे मी गमतीने लिहीत नाही.

दुपारी मुक्कामावर कडुलिंबाच्या सावलीत खाट टाकून बसलो. जेवण जाईना. मी वकिली सुरू केली. म्हटलं, चूक झाली हे मान्य, पण याचा मॉरिशसशी संबंध नाही. तिथली हरणं पाळलेली, शिकार कायदेशीर, मांस कोणी तरी खातंच. मिहीर सगळं ऐकून घेत होता. तो नेहमी ऐकून घेतो आणि मला वाटतं मी जिंकले.

"शीतल," तो म्हणाला, "तू ओरडलीस तेव्हा मला आधी बरं वाटलं. ते जनावर वाचलं म्हणून. मग तिच्या बरगड्या दिसल्या आणि वाईट वाटलं. इथे दोन्ही वाटलं. तिथे मला नुसतं वाईटच वाटेल."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू इतकी खूश होतीस."

मला राग आला, त्याचा नाही, माझाच, आणि मी उठून भांडी घासणाऱ्या मावशींना मदत करू लागले. त्यांनी मला हाकलून दिलं.

सोमवारी सकाळची सफारी आम्ही मुद्दाम वाढवून घेतली. सुनंदालाच मागून घेतलं, आणि ती यायला तयार झाली याचंच मला बरं वाटलं. मला वाघ बघायचा नव्हता. मला ती जेवलेली बघायची होती. तळ्यावर थांबलो, नाल्याच्या कडेने फिरलो. मोर दिसले, अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसलं, एका झाडावर सर्पगरुड अगदी जवळ बसला होता. एरवी मी या एकेकासाठी पानभर लिहिलं असतं. ती दिसली नाही. ओल्या मातीत तिच्या पावलांचे ठसे होते, आणि बाजूला लहान ठसे, चहाच्या बशीएवढेही नाहीत. मी खाली वाकून बघत राहिले. पाठीला रग लागली होती तरी मला उठवेना. मिहीरने गुपचूप फोटो काढला, तो या लेखाला लावलेला नाही.

निघताना सुनंदाने माझा नंबर घेतला. "काई कळलं त सांगतो तुम्हाले," ती म्हणाली. येताना आम्ही घाटंजीला पुन्हा थांबलो. या वेळी मिहीरने तर्री वेगळी मागितली नाही.

घरी आल्यावर मेल उघडून ठेवला होता. "पक्कं" एवढं लिहायचं होतं, किंवा "नको". महिनाअखेर जवळ येत होती. मला दोन्ही लिहवेना. एक माय माझ्यामुळे उपाशी गेली होती आणि मी समुद्रापलीकडे हौसेने हरिण मारायला निघाले होते, हे मनातून जाईना. सुनंदाचा फोन आला का ते मी तासातासाला बघत होते. मंगळवारी संध्याकाळी मिहीरने दवाखान्यातून आल्याआल्या विचारलं, "आला का?"

बुधवारी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात असताना सुनंदाचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. "ताई, झालं! रोहीच पाडला तिनं, नाल्याजवळ. पिल्लंबी होते संगं. पोटं अशी टम्म झाल्ती त्याईची!" मी व्हरांड्यातच ओरडले. शेजारच्या पक्षकाराने फाईल खाली टाकली. मिहीरला फोन केला, तो पेशंटच्या तोंडात हात घालून होता, तरी स्पीकरवरून "वाऽऽ" ऐकू आलं.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मॉरिशससकट. ते जावयापुढे नेहमी मोजकं बोलतात, पण आज मिहीर माझ्या शेजारी बसलेला असूनही हसत सुटले. "वाघिणीच्या पुढून रोही हाकलला तुनं? आता तुले जागलीले कायम ठेवतो मी." मग थांबून म्हणाले, "पण बाई, एक सांग. म्या इतक्या वर्सात किती रोही हाकलले. मले कधी कोणाले मारा वाटलं नाई. त्याईले भूक लागते, आपल्याले पीक वाचवा लागते, म्हून वरडाचं. वाघिणीले भूक लागली, तिनं मारला. तुले कायले पायजे शिकार? तू काय उपाशी हायेस काय?"

मी गप्प बसले. पोटावर हात ठेवून, सुनंदासारखी.

मग लॅपटॉप मांडीवर घेऊन मॉरिशसच्या त्या भल्या माणसाला लिहिलं. बंदूक नको. तो दिवस मात्र राहू दे. हरणं पाणी प्यायला येतात तिथवर तू आम्हाला पायी नेशील का, नुसतं बघायला? आम्ही दोघं येऊ. माझा नवरा तर आधीपासून गप्प बसतो, आणि मीही आता शिकते आहे. फक्त मला मधे बसव, आणि त्याला माझा हात धरू दे.